चारशे किलोमीटरवरची भेट

सोलापूरहून हैदराबादकडे जाताना नळदुर्गचा किल्ला मागे पडला की थोड्याच वेळात जळकोट येतं. हे धाराशिव जिल्ह्यातलं, तुळजापूर तालुक्यातलं जळकोट; लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं जळकोट वेगळं. महामार्गावरचे दिवे आणि गावठाण सोडून शिवारात गेलं, आभाळ निरभ्र असलं आणि वेळ बरोबर साधली, तर इथून एक ठळक, न लुकलुकणारा ठिपका आकाश ओलांडताना दिसतो. विमानासारखे लाल-हिरवे दिवे त्याला नसतात, आवाजही येत नाही. तो बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे किंवा वायव्येकडून आग्नेयेकडे जातो, पाच-सहा मिनिटांत आकाश पार करतो, आणि कधी कधी अर्ध्या वाटेतच पृथ्वीच्या सावलीत शिरून अचानक विझतो. तेच आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक.

ते दिसण्याची वेळ ठरलेली असते. सूर्यास्तानंतरचे किंवा सूर्योदयापूर्वीचे साधारण दीड-दोन तास. त्या वेळी जमिनीवर अंधार असतो, पण चारशे किलोमीटर उंचीवर अजून ऊन असतं, आणि ते ऊन स्थानकाच्या प्रचंड सौरपंखांवरून आपल्याकडे परावर्तित होतं. मध्यरात्री तेच स्थानक डोक्यावरून गेलं तरी दिसत नाही, कारण तेव्हा तेही सावलीत असतं. कोणत्या गावावरून ते कधी दिसेल याचं वेळापत्रक नासा जाहीर करते, त्यामुळे त्यासाठी दुर्बीण लागत नाही, फक्त घड्याळ आणि दिशा माहीत हवी.

चारशे किलोमीटर म्हणजे फार दूर नाही. जळकोट ते मुंबई सरळ रेषेत मोजलं तर अंतर जवळपास तेवढंच भरतं. अवघड आहे तो वेग. स्थानक सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर, म्हणजे ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने धावतं. नाशिकच्या बाजूने आग्नेयेकडे येणाऱ्या फेरीत ते नाशिकच्या माथ्यावरून जळकोटच्या माथ्यावर एका मिनिटाच्या आत पोहोचतं. दीड तासाला पृथ्वीची एक प्रदक्षिणा, दिवसाला सोळा सूर्योदय. २ नोव्हेंबर २००० रोजी पहिली तीन माणसं तिथे राहायला गेली, आणि तेव्हापासून ते घर एक दिवसही रिकामं राहिलेलं नाही. त्या तारखेनंतर जन्मलेल्या कोणीही असा दिवस पाहिलेला नाही, ज्या दिवशी माणसाची सगळी जात पृथ्वीवरच होती.

माणूस अवकाशात कसा गेला, ही गोष्ट १९६१ मधल्या युरी गागारिनच्या उड्डाणाने सुरू होते आणि सगळ्यांना ठाऊक असते. या प्रकरणात त्यापुढची गोष्ट सांगायची आहे. वर जाणं आणि वर असलेल्या घरी पोहोचणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याला ताकद लागते. दुसऱ्याला ताकदीपेक्षा मोजमाप, संयम आणि दुसऱ्याच्या कामावर टाकलेला विश्वास जास्त लागतो. अवकाश स्थानकाच्या इतिहासातले विजय आणि शोकांतिका बहुतेक या दुसऱ्या कामातल्याच आहेत. भारताने या वाटेवर आजवर दोन माणसं पाठवली आणि आता स्वतःचं स्थानक बांधायचं ठरवलं आहे, म्हणून हे दुसरं काम नीट समजून घेणं आपल्यासाठी महत्त्वाचं आहे.

पुढच्याला गाठायचं तर खाली उतरायचं

स्थानकात माणसं तरंगतात, ती तिथे गुरुत्वाकर्षण नसल्यामुळे नव्हे. चारशे किलोमीटर उंचीवरही पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळपास ९० टक्के असते. स्थानक सतत पडत असतं. पण आडव्या दिशेने त्याचा वेग इतका आहे की ते जेवढं खाली येतं, तेवढीच पृथ्वीची गोल पाठ खाली वळत जाते. म्हणून ते पडत राहतं आणि जमिनीला कधी लागत नाही. आतली माणसं, पाण्याचे थेंब, चमचे, सगळं एकाच वेगाने पडत असल्यामुळे कोणाचं वजन कोणावर येत नाही.

अशा पडत्या घराला गाठायचं, तर पहिली अट प्रक्षेपणाच्या वेळेची. स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांचा कोन करते. पृथ्वी तिच्याखाली फिरत असते. प्रक्षेपणतळ त्या कक्षेच्या पातळीखाली आला, की तोच मुहूर्त. तो काही मिनिटांनी हुकला तरी यान वेगळ्याच पातळीत जातं, आणि ती पातळी वर गेल्यावर बदलायला जेवढं इंधन लागेल तेवढं कोणत्याही प्रवासी यानात नसतं. म्हणून ही उड्डाणं पहाटे, भरदुपारी, मध्यरात्री अशा कुठल्याही अवघड वेळी होतात. वेळ माणसांच्या सोयीने ठरत नाही.

दुसरी अट मनाला पटायला अवघड जाते. समजा यान त्याच कक्षेत स्थानकाच्या मागे आहे. जमिनीवरची सवय सांगते की वेग वाढवावा. पण इंजिन चालवून वेग दिला की यान वरच्या, लांबच्या कक्षेत चढतं. तिथे फेरीला जास्त वेळ लागतो, आणि यान पुढे जायचं सोडून आणखी मागे पडतं. जून १९६५ मध्ये जेमिनी ४ यानाचा कमांडर जेम्स मॅकडिव्हिट याला याचा अनुभव आला. तो आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याजवळ जायचा प्रयत्न करत होता. यानाची दिशा त्याच्याकडे रोखून तो जोर देत राहिला आणि अंतर वाढत गेलं. इंधन संपत आलं तेव्हा प्रयत्न सोडावा लागला.

बरोबर रीत उलटी आहे. यानाला आधी स्थानकापेक्षा खालच्या कक्षेत ठेवायचं. खालची कक्षा आखूड आणि तिथला वेगही जास्त. वारीतल्या रिंगणात आतल्या कडेने धावणाऱ्याने बाहेरच्याला गाठावं, तसं यान प्रत्येक फेरीत थोडं थोडं अंतर कापतं. मग ठरलेल्या क्षणी इंजिन थोडा वेळ चालवून कक्षा उंचवायची, थांबून मोजायचं, पुन्हा उंचवायची. शेवटच्या काही शे मीटरमध्ये दोन्हींचा एकमेकांच्या तुलनेतला वेग जवळपास शून्यावर आणायचा, आणि प्रत्यक्ष स्पर्श सेकंदाला काही सेंटीमीटर एवढ्या हलक्या गतीने व्हायचा. ताशी २८,००० किलोमीटरने धावणाऱ्या दोन वस्तूंची भेट मुंगीच्या पावलांनी होते. यानंतर दार लगेच उघडत नाही. जोडणीच्या जागेतून हवा कुठे निसटत नाही ना, हे दाब मोजून तपासतात. सगळं ठीक आहे, अशी खात्री झाल्यावरच पलीकडची माणसं दार उघडतात.

पहिलं घर आणि तीन माणसं

जगातलं पहिलं अवकाश स्थानक सोव्हिएत संघाचं. सॅल्यूट १ हे १९ एप्रिल १९७१ रोजी वर गेलं. त्याच महिन्यात सोयुझ १० यान तिथपर्यंत पोहोचलं, त्याला टेकलंही, पण कडी पक्की बसली नाही. आत जाता न येताच तिघे अंतराळवीर परत आले. जूनमध्ये सोयुझ ११ चे जॉर्जी दोब्रोव्होल्स्की, व्लादिस्लाव वोल्कोव आणि व्हिक्टर पात्सायेव स्थानकात शिरले आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ तिथे राहिले. अवकाशात घर करून राहिलेली ही पहिली माणसं. त्यांचं तिथलं रोजचं जीवन सोव्हिएत लोक दूरचित्रवाणीवर पाहत होते.

३० जून १९७१ रोजी त्यांची कुपी कझाकस्तानच्या माळावर उतरली. पॅराशूट उघडलं होतं, कुपी सुस्थितीत होती. शोधपथकाने दार उघडलं तेव्हा तिघेही आपापल्या आसनांवर मृत होते. परतीच्या वाटेवर यानाचे भाग वेगळे होताना हवेचा दाब साधणारी एक झडप अवेळी, उंच निर्वातातच उघडली आणि काही क्षणांत कुपीतली हवा निघून गेली. तिघांच्या अंगावर दाबसूट नव्हते, कारण तीन माणसं सूट घालून बसतील एवढी जागाच यानात नव्हती.

त्यानंतर सोयुझ यानाची रचना बदलली. कित्येक वर्षं ते दोनच माणसं नेत राहिलं. उड्डाणात, जोडणीच्या वेळी आणि परतताना दाबसूट घालणं सक्तीचं झालं. तिघांना सूटसकट बसवणारं सुधारित सोयुझ टी यान त्यानंतर अनेक वर्षांनी आलं. आज कोणताही अंतराळवीर स्थानकाकडे निघताना जो सूट घालतो, त्यामागे या तीन माणसांचा मृत्यू आहे. आणि त्याच सुधारित यानाच्या तिसऱ्या आसनावर बसून पहिला भारतीय स्थानकात गेला.

खडकवासल्याहून सॅल्यूट ७ पर्यंत

राकेश शर्मा यांचा जन्म १९४९ मध्ये पतियाळात झाला, शिक्षण हैदराबादेत. १९६६ मध्ये ते पुण्याजवळ खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झाले. १९७० मध्ये वायुसेनेत आले, १९७१ च्या युद्धात मिग-२१ घेऊन लढले आणि पुढे चाचणी वैमानिक झाले. सोव्हिएत संघाच्या इंटरकॉसमॉस कार्यक्रमातून भारताला एक जागा मिळाली, तेव्हा अंतिम निवड दोघांची झाली: शर्मा आणि रवीश मल्होत्रा. दोघांनीही मॉस्कोजवळच्या तारानगरीत रशियन भाषेतून सगळं प्रशिक्षण पुरं केलं. मल्होत्रा राखीव गटात राहिले. जाणाऱ्याइतकीच तयारी करून, जमिनीवरच थांबण्याचीही तयारी ठेवणं हा या कामाचा अटळ भाग आहे.

सॅल्यूट ७ या स्थानकाकडे जाताना शर्मांचे सहप्रवासी होते कमांडर युरी मालिशेव आणि अभियंता गेन्नादी स्त्रेकालोव. स्त्रेकालोव यांची कहाणी इथे सांगायलाच हवी. एप्रिल १९८३ मध्ये ते सोयुझ टी-८ मधून याच सॅल्यूट ७ कडे निघाले होते. यानाचा जोडणीसाठीचा रडार अँटेना निकामी झाला. कमांडर व्लादिमीर तितोव यांनी नजरेच्या अंदाजाने जवळ जायचा प्रयत्न केला, पण वेग आणि अंतर भरवशाने कळेना, तेव्हा टक्कर टाळण्यासाठी त्यांनी माघार घेतली. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला तितोव आणि स्त्रेकालोव पुन्हा निघाले. उड्डाणाआधी काही क्षण रॉकेटला तळावरच आग लागली. आगीने केबल जळाल्या होत्या, त्यामुळे नियंत्रकांना रेडिओवरून आज्ञा पाठवावी लागली. सुटकेच्या रॉकेटने दोघांची कुपी खेचून वर उचलली, आणि पाठोपाठ खालचं रॉकेट स्फोटात नष्ट झालं. ते दोघे सुमारे चार किलोमीटरवर पॅराशूटने जिवंत उतरले. एकाच घराच्या दारातून दोनदा परतलेला हा माणूस सहा महिन्यांनी राकेश शर्मांच्या शेजारच्या आसनावर बसला होता.

३ एप्रिल १९८४ रोजी बैकानूरच्या प्रक्षेपणतळावरून सोयुझ टी-११ निघालं आणि साधारण एका दिवसाने सॅल्यूट ७ ला जोडलं गेलं. तिथे लिओनिद किझिम, व्लादिमीर सोलोव्योव आणि डॉक्टर ओलेग आत्कोव हे तिघे आधीपासून राहत होते. ६ एप्रिलला अमेरिकेचं चॅलेंजर पाच जणांना घेऊन उडालं, आणि पृथ्वीभोवती एकाच वेळी अकरा माणसं झाली. तोवर इतकी माणसं अवकाशात कधीच एकत्र नव्हती.

इंदिरा गांधींनी विचारलेला प्रश्न आणि शर्मांनी इक्बालांच्या गीतातले शब्द उच्चारून दिलेलं उत्तर दूरदर्शनमुळे देशाच्या आठवणीत पक्कं बसलं. त्या आठवड्यातलं काम मात्र त्यामानाने कमी लोकांना माहीत आहे. शर्मांनी वरून भारताच्या भूभागाची वेगवेगळ्या वर्णपटांत छायाचित्रं घेतली. जंगल, पाणी, खनिजं आणि शेती ओळखण्यासाठी ती हवी होती. भारताचा या कामासाठीचा आयआरएस-१ए उपग्रह १९८८ मध्ये, त्याच बैकानूरहून, वर गेला. भारहीनतेत स्नायूंवर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी शर्मांनी योगासनांचा प्रयोगही केला. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने तयार केलेलं भारतीय जेवण त्यांनी सोबत नेलं होतं.

शर्मा गेले एका यानातून आणि ११ एप्रिलला परतले दुसऱ्या यानातून. याला कारण आहे. अवकाशात उभं असलेलं यानही जुनं होत जातं. त्याचं इंधन, झडपा, बॅटऱ्या ठराविक महिनेच भरवशाच्या राहतात. किझिम यांचा गट जवळपास २३७ दिवस राहणार होता. म्हणून पाहुण्यांनी आपलं ताजं यान त्यांच्यासाठी ठेवलं आणि जुनं सोयुझ टी-१० घेऊन ते परत आले. त्यासाठी प्रत्येकाच्या पाठीच्या मापाने घडवलेले आसनांचे साचेसुद्धा या यानातून त्या यानात हलवले गेले. आठवडाभराची ती भेट वर राहणाऱ्यांच्या परतीची हमी होती.

परतल्यावर काही वर्षांनी शर्मा हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये गेले आणि नाशिकजवळच्या ओझरला मुख्य चाचणी वैमानिक म्हणून १९९२ पर्यंत होते. तिथल्या कारखान्यातून बाहेर पडणारी लढाऊ विमानं सेवेत जाण्याआधी पारखण्याचं ते काम होतं.

गोठलेलं घर

शर्मा ज्या घरात राहिले, ते पुढच्याच वर्षी मेलं. फेब्रुवारी १९८५ मध्ये, स्थानकात कोणी नसताना, सॅल्यूट ७ शी असलेला संपर्क तुटला. वीज गेली, तापमान शून्याखाली गेलं, आणि आपण कुठे आहोत, कोणत्या दिशेला वळलो आहोत हे सांगणारा संकेत बंद झाला. तोवरची प्रत्येक जोडणी दोन्ही बाजूंच्या संवादावर झाली होती. इथे एक बाजू मुकी होती.

जून १९८५ मध्ये व्लादिमीर जानिबेकोव आणि व्हिक्टर साविनिख सोयुझ टी-१३ मधून निघाले. जमिनीवरच्या रडारने स्थानकाची जागा शोधून त्यांना जवळपर्यंत आणलं. पुढे लेसरने अंतर मोजत, खिडकीतून पाहत, जानिबेकोव यांनी यान हाताने चालवून त्या अंधाऱ्या स्थानकाला जोडलं. आतली हवा श्वास घेण्याजोगी आहे याची चाचणी करून ते लोकरी टोप्या घालून आत शिरले. भिंतींवर बर्फ होता, पाण्याच्या नळ्या गोठल्या होत्या. त्यांनी आधी बॅटऱ्या थेट सौरपंखांना जोडल्या, त्यासाठी सूर्याकडे तोंड करायला स्वतःच्या यानाच्या इंजिनांनी सगळं स्थानक वळवलं. काही दिवसांत दिवे लागले आणि हळूहळू पाणी वितळलं. एका बंद पडलेल्या घराला माणसांनी जाऊन पुन्हा राहतं केलं. अवकाशातल्या दुरुस्तीच्या इतिहासात याच्या तोडीची कामं फार थोडी आहेत.

त्याआधी सहा वर्षं याच्या उलट घडलं होतं. अमेरिकेच्या स्कायलॅबमध्ये १९७३-७४ मध्ये तीन गट राहून आले, पण नंतर त्याची कक्षा उंचावायला वेळेत यान तयार झालं नाही. जुलै १९७९ मध्ये ते कोसळलं. तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले, पण पडण्याआधीचे काही दिवस भारतातल्या खेड्यापाड्यांत लोक आभाळाकडे धास्तीने पाहत होते. घर बांधलं की ते सांभाळणंही आलं, हा त्यातला धडा आहे. अवकाश स्थानकाकडे माणसं पुन्हा पुन्हा जातात, त्यामागे प्रयोगांइतकंच हेही कारण असतं.

राहणं

सॅल्यूटनंतरच्या मीर या रशियन स्थानकावर वालेरी पोल्याकोव हा डॉक्टर १९९४-९५ मध्ये सलग ४३७ दिवस राहिला. मंगळाच्या लांब प्रवासात माणसाचं शरीर टिकेल का, याचं उत्तर त्याने स्वतःच्या शरीरावर शोधलं. भारहीनतेत रक्त आणि पाणी पायांकडून डोक्याकडे सरकतं, चेहरा सुजतो, पाय बारीक होतात. वजन पेलायचं काम न उरल्यामुळे हाडं महिन्याला सुमारे एक टक्का घनता गमावू लागतात. म्हणून स्थानकावर रोज साधारण दोन तास व्यायाम करावा लागतो, पट्ट्यांनी स्वतःला ट्रेडमिलवर बांधून घेऊन. गुजरातमधल्या झुलासणच्या दीपक पंड्यांची कन्या सुनीता विल्यम्स हिने २००७ मध्ये असंच बांधून घेऊन वर बोस्टन मॅरेथॉन पुरी केली. २०२४ मध्ये ती अगदी थोड्या दिवसांच्या चाचणी उड्डाणासाठी गेली. यानात दोष निघाल्याने ते यान रिकामं परत आणलं, आणि ती मार्च २०२५ मध्ये २८६ दिवसांनी दुसऱ्या यानातून उतरली. इतके दिवस ती सुरक्षित राहू शकली, याचं श्रेय त्या घराच्या शिस्तीला आहे.

पाणी ही तिथली सर्वांत जपून वापरायची वस्तू आहे. घाम, श्वासातली वाफ आणि मूत्र यांतून पाणी परत मिळवतात. हे प्रमाण २०२३ मध्ये ९८ टक्क्यांपर्यंत नेता आलं. त्यातल्याच काही पाण्याचं विजेने विघटन करून श्वासासाठी ऑक्सिजन काढतात. टँकरची वाट पाहण्याचा अनुभव असलेल्या मराठवाड्याला या आकड्याचं मोल वेगळं समजावून सांगायला नको.

मूग, आमरस आणि चार आठवड्यांची वाट

राकेश शर्मांनंतर दुसरा भारतीय स्थानकात पोहोचायला ४१ वर्षं लागली. ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला लखनौचे. तेही खडकवासल्याच्या प्रबोधिनीतूनच वायुसेनेत आलेले आणि चाचणी वैमानिक झालेले. भारताच्या समानव गगनयान मोहिमेसाठी निवडलेले चारही जण, शुक्ला, प्रशांत बालकृष्णन नायर, अजित कृष्णन आणि अंगद प्रताप, याच प्रबोधिनीचे विद्यार्थी. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे गेलेल्या अ‍ॅक्सिऑम-४ मोहिमेत शुक्ला यानाचे वैमानिक होते, कमांडर अनुभवी पेगी व्हिटसन, आणि सोबत पोलंडचे स्लावोश उझ्नान्स्की-विश्निएव्स्की व हंगेरीचे तिबोर कापू. १९८४ मधल्या मल्होत्रांच्या जागी या वेळी नायर होते.

उड्डाण मे २०२५ च्या अखेरीला ठरलं होतं, ते चार आठवडे पुढे गेलं. जूनमध्ये रॉकेटच्या पहिल्या टप्प्यात द्रवरूप ऑक्सिजनची गळती आढळली. इस्रोचं पथक तिथे होतं, आणि गळती दुरुस्त करून पुन्हा चाचणी झाल्याशिवाय उडू नये यावर ते ठाम राहिलं. मग स्थानकाच्या रशियन भागातल्या हवेच्या गळतीचा प्रश्न आला, तोही तपासावा लागला. बातम्यांत या सगळ्याला विलंब म्हटलं गेलं. सोयुझ ११ ची झडप आठवली, तर हाच काळ त्या मोहिमेतला सर्वांत मोलाचा होता, हे कळतं.

२५ जून २०२५ रोजी भारतीय वेळेनुसार दुपारी १२ वाजून १ मिनिटाने फाल्कन-९ उडालं. ग्रेस नावाचं ड्रॅगन यान २८ तासांनी, २६ जूनच्या दुपारी चारच्या सुमारास, स्थानकाला जोडलं गेलं. दाबाची तपासणी होऊन दार उघडायला आणखी जवळपास पावणेदोन तास लागले. आत सात जण राहत होते. आता अकरा झाले. १९८४ मध्ये साऱ्या अवकाशात मिळून जेवढी माणसं होती, तेवढी आता एकाच घरात होती.

शुक्लांनी गाजराचा हलवा, मूगडाळीचा हलवा आणि आमरस नेला होता आणि तो सगळ्यांना वाढला. मूग प्रयोगासाठीही गेले होते. इस्रोच्या सात प्रयोगांपैकी एक धारवाडचं कृषी विज्ञान विद्यापीठ आणि आयआयटी धारवाड यांचा होता. मूग आणि मेथीच्या बियांना भारहीनतेत मोड कसे येतात, त्यांतली पोषणद्रव्यं आणि जनुकांचं काम कसं बदलतं, हे त्यात पाहायचं होतं. मोड आलेली कडधान्यं ही जागा, पाणी आणि वेळ कमीत कमी घेणारी ताजी भाजी आहे. लांबच्या प्रवासात ताजं अन्न मिळवायचा तो सर्वांत सोपा मार्ग ठरू शकतो. पहिल्या पावसावर जळकोटच्या शिवारात ज्या मुगाची पेरणी होते, त्याच पिकाकडे शास्त्रज्ञ अवकाशातलं अन्न म्हणून पाहत आहेत. इतर प्रयोगांत स्नायूंच्या पेशी, सूक्ष्म शैवाल आणि टार्डिग्रेड नावाचे चिवट सूक्ष्म प्राणी होते. अठरा दिवस राहून शुक्ला १५ जुलैला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उतरले.

आपलं घर बांधायचं तर

भारतीय अंतरिक्ष स्थानकाचा पहिला भाग २०२८ पर्यंत पाठवायचा आणि २०३५ पर्यंत पाच भागांचं स्थानक पुरं करायचं, अशी योजना आहे. पहिल्या भागाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. पाच भाग वर नेऊन एकमेकांना जोडायचे, म्हणजे भेटीची कला आपल्याला स्वतःच्या हाताने यायला हवी.

तिचा पहिला धडा आपण गिरवला आहे. ३० डिसेंबर २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून सुमारे २२० किलोंचे दोन स्पेडेक्स उपग्रह एकत्र गेले. जोडणी ७ जानेवारीला ठरली होती, ती पुढे ढकलली. मग ती ९ तारखेला ठरली, पण त्याआधी जवळ येताना उपग्रह अपेक्षेपेक्षा जास्त सरकले, म्हणून ती पुन्हा थांबवली. १२ जानेवारीला ते एकमेकांपासून तीन मीटरवर आले, आणि तिथूनही त्यांना मागे घेऊन मिळालेल्या नोंदी तपासल्या गेल्या. १६ जानेवारी २०२५ रोजी ते जोडले गेले. अमेरिका, रशिया आणि चीननंतर हे साधणारा भारत चौथा देश ठरला. तीन मीटरवरून मागे यायला जे धैर्य लागतं, ते तितोव यांनी सॅल्यूटपासून मागे फिरताना दाखवलेल्या धैर्याच्याच जातीचं आहे.

आग लागली तर कुपी ओढून काढणारी यंत्रणाही आपण पारखत आहोत. गगनयानची त्यासाठीची एक चाचणी २१ ऑक्टोबर २०२३ रोजी झाली. त्या दिवशीही उड्डाणाच्या पाच सेकंद आधी संगणकाने सगळं थांबवलं. कारण शोधून, दुरुस्त करून मगच सकाळी दहाला ते उडालं, आणि रिकामी कुपी बंगालच्या उपसागरात नीट उतरली. माणसांना नेणाऱ्या एलव्हीएम-३ रॉकेटसाठी लागणाऱ्या कामात इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर आणि मुंबईतल्या विक्रोळीचा गोदरेजचा कारखाना यांचा वाटा आहे. तिथे वेल्डिंगचा एक सांधा तपासणाऱ्या कामगाराचं काम अंतराळवीराच्या कामापासून वेगळं काढता येत नाही.

उद्या या स्थानकात कोण राहील? आजवर ही वाट खडकवासल्याहून गेली आणि ती फक्त मुलांसाठी होती. २०२२ मध्ये प्रबोधिनीचं दार मुलींसाठी उघडलं, आणि ३० मे २०२५ रोजी १७ मुलींची पहिली तुकडी तिथून बाहेर पडली. शुक्लांचं यान त्यानंतर महिन्याभरातच उडालं. प्रबोधिनीत जाऊ इच्छिणाऱ्या मुलांना तयार करणारी राज्य सरकारची संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे, आणि मुलींसाठी तशीच संस्था २०२३ मध्ये नाशिकला सुरू झाली. धाराशिव जिल्ह्यातल्या मुलीसाठीही ही वाट आता खुली आहे, आणि ही गोष्ट शाळेशाळेत सांगायला हवी. ती सांगताना रॉकेटच्या ज्वाळांबरोबर तीन मीटरवरून मागे घेतलेल्या उपग्रहांचीही गोष्ट सांगावी, गळती सापडली म्हणून थांबलेल्या उड्डाणाचीही सांगावी, आणि दोनदा परतून तिसऱ्यांदा पोहोचलेल्या स्त्रेकालोव यांचीही सांगावी. मुलांना गणिताचं उत्तर पुन्हा एकदा पडताळून पाहायची गोडी लागली, तर स्थानकापर्यंत नेणाऱ्या शिक्षणाची सुरुवात तिथेच झालेली असेल.